सोबतीचा तारा

श्रावण : अन् मंग? तारा बुजला?

माया : विझला नाही बाबा, त्याचा उजेड कमी झाला. शंभरात दोन-अडीच, बस एवढाच. ऐकून राहिले ना?

श्रावण : ऐकून राहिलो. हात कामात आहे, कान मोकळे आहे. सांग तू. फू... फू...

माया : फोनात हे फू-फू काय करून राहिले?

श्रावण : नोझल होय. फवारनीच्या पंपाचं. कचरा अडकला त्याच्यात. तू सांग, माये.

माया : तर हा तारा हंस तारकासमूहाच्या जवळचा. लई दूर. त्याच्याभोवती एक ग्रह फिरते, आपल्या गुरूएवढा मोठा. पण कितीही मोठी दुर्बीण लावली तरी तो ग्रह काही दिसत नाही. दर दोन-सव्वादोन दिवसांनी तो ताऱ्याच्या पुढून जातो, तेव्हा ताऱ्याचा थोडासा उजेड झाकला जातो. दोन तास. मग पुन्हा पहिल्यासारखा. काल संध्याकाळी सातपासून मी दर मिनिटाला एक फोटो काढला. हरएक फोटोतला उजेड मोजला आणि कागदावर ठिपका मांडला. ठिपके सरळ चालले, चालले, आणि आठच्या सुमाराला जे खाली उतरले बाबा... मी गच्चीवर एकटीच ओरडली. खालच्या क्लासमधले सर पाहायला आले, पोरगी पडली का काय म्हणून.

श्रावण : म्हंजे चोर नाही दिसला, चोरी दिसली.

माया : हाव! अगदी तसंच. आणि तुम्ही नि रहीमचाचांनी वेल्डिंग करून दिलेला तो दुर्बिणीचा खांब, तो केसभर हलला नाही. आमचे कॉलेजचे सर म्हणाले, अमरावतीत राजापेठेतल्या गच्चीवरून हे जमलं तर विद्यापीठात वाचून दाखवू.

श्रावण : रहीमभाई, ऐकलं काय? आपला खांब विद्यापीठात चालला.

रहीम : मंग! पाइप कोन्या दुकानचा होता? सलाम बेटी. तुह्या बापानं सकाळपासून सात जनाले सांगतलं का पोरगी तारे मोजते. गिऱ्हाईक पंप घेऊन येते अन् आकाशाची खबर घेऊन जाते.

माया : सलाम चाचा. नवा ग्रह नाही शोधला हो, माहीत असलेलाच आहे. आपल्या दुर्बिणीला सापडतो का, एवढंच पाहिलं.

श्रावण : पन माये, एक गोठ सांग. ढग गेला असन त? पातळसा? ढगानंही उजेड कमी होतेच ना.

माया : पाहा! कॉलेजातल्या पोरांना हे सुचत नाही. त्याच्यासाठी सोबतीचा तारा धरतात. त्याच फोटोतला, बाजूचा, ज्याच्यापुढून काही जात नाही असा. आपला तारा मंदावला आणि सोबतीचा जसाच्या तसा राहिला, तर समजायचं की ताऱ्याकडेच काही घडलं. दोघंही सोबतच मंदावले, तर ताऱ्यांचं काही नाही. काय बिघडलं ते आपल्याच बाजूला बिघडलं.

श्रावण : मंग सोबतीचा पाह्यला तू?

माया : ते राहिलं अजून. आज-उद्या करते. घाई झाली मला तुम्हाला सांगायची.

श्रावण : आदी पाह्य, मंग ओरड. थू! ...काही नाही, तोंडाले लय पानी सुटून राहिलं दोन दिसापासून. पित्त खवळलं वाटते.

माया : जेवला का नाही?

श्रावण : जेवनच नको वाटते. अन् घाम किती! तुही माय म्हणते पावसाळ्याचा उकाडा होय. थांब जरा, तो ट्यूब... रहीमभाई, दुसरा ट्यूब लाव ना बावा. काही दिसून नाही राहिलं.

माया : दिवसाच ट्यूब?

श्रावण : लाइटच नाही इकडं, माये. म्हंजे आहे, पन नावाचीच आहे. व्होल्टेज एवढं कमी का ट्यूब पेटला काय अन् नाही पेटला काय. घरी बी तसंच. काल टीव्ही लावला त बातम्या सांगनाऱ्या बाईचं तोंडच नाही दिसलं.

रहीम : चार दिवस झाले. लाइनमनले दोनदा फोन केला, तो म्हणते व्होल्टेज बराबर आहे. हे लोक कधी बराबर नाही म्हणतीन? मागच्याच साली, नोटबंदीत घेतलेला नवा ट्यूब होय, जुन्या कंदिलावानी जळून राहिला.

माया : तुम्हालाही कमी दिसते, चाचा?

रहीम : मलेच काय? जो येते तो म्हणते, रहीमभाई, दुकानात अंधार काहून? सगळे खोटे बोलतीन काय?

श्रावण : फक्त तुही मायच म्हणते का लाइट बराबर आहे म्हणून. काल मले म्हणे, तुमच्या डोळ्यापुढं अंधारी आली असन, बल्ब तर चकचक करून राहिला. आता तिले काय समजते! कंदिलात वाढली ते, तिले झिरोचा बल्ब लावला तरी दिवाळी वाटते.

माया : (हसत) आईला नका काही म्हणू. दोन साक्षीदार आहे तुमचे, म्हणजे व्होल्टेजच असेल. तक्रार लिहून द्या, तोंडी कोणी ऐकत नाही.

श्रावण : देतो. हे पंप होऊ दे. यंदा बोंडअळीनं लोकाईले पागल केलं. कपाशीची पराटी मानसाच्या डोक्याच्या वर गेली, अन् दर चार दिसाले फवारा. रोज पंधरा-वीस पंप पडून आहे दुकानापुढं.

माया : आणि ते नोझल तोंडानं कशाला फुंकता? तार घाला ना.

श्रावण : तार घातली का भोक मोठं होते, मंग धार पडते, फवारा नाही पडत. पंधरा वर्षं झाली फुंकून राहिलो. मानूस फुंकते तवाच त्याले समजते हवा कुठी अडली. हे तुह्या कॉलेजात नाही शिकवत.

माया : बरं. तोंड धुवा मग. दोन दिवसांनी करते फोन.

श्रावण : कर. अन् सोबतीचा पाह्यजो.

—

माया : बाबा, मी बोलते. जेवायची सुट्टी झाली ना? एक वाईट बातमी आहे.

श्रावण : काय झालं?

माया : तुमचं खरं झालं. सोबतीचा ताराही मंदावला होता. नुसता तोच नाही, फोटोतले सगळेच. सगळे सोबत खाली आणि सोबत वर. ग्रहबिह काही नाही. काचेवर दव पडलं होतं. सरांपुढं लाज गेली माझी. एवढ्या दिवसांचं काम पाण्यात.

श्रावण : जाऊ दे, माये. आपल्याच काचेवर होतं... समजलं त खरं.

माया : तुमचा आवाज असा काहून येते?

श्रावण : काही नाही. ओकारी झाली सकाळी. दोनदा. अंगात कस नाही. दुकानापुढं बाजीवर पडलो आहे. आभाळही असं आलं ना आज, भर दुपारी संध्याकाळ झाल्यावानी वाटून राहिलं.

माया : आभाळ? इथं तर डोकं फुटेल असं ऊन आहे.

श्रावण : अमरावती दूर आहे. इकडं भरून आलं. रहीमभाई, आलं ना आभाळ?

रहीम : हाव, आलं ना. कालपासूनच आहे. पडून नाही राहिलं, नुसतंच काळं होऊन राहिलं.

माया : वारं आहे?

श्रावण : नाही.

माया : गार वाटते?

श्रावण : गार कुठचं! घामानं सदरा पिळून निघाला.

माया : बाबा, एक काम करा. उठून बसता येते? बसा. हात पुढं करा, उघड्यावर. खाली मातीवर सावली पडते का पाहा.

श्रावण : काहून?

माया : पाहा ना बाबा, मी सांगते म्हणून.

श्रावण : पडते.

माया : कशी? फिकट का काळी?

श्रावण : काळीकुट्ट. पाचही बोटं निरनिराळी दिसतात.

माया : थांबा, मी इथं माझी पाहते. हाव, माझीही तशीच.

श्रावण : मंग काय झालं, माये?

माया : बाबा, आभाळ असलं तर अशी सावली पडत नाही. तिथं पक्कं ऊन आहे. इथल्यासारखंच.

श्रावण : मंग मले काहून...

माया : चाचांना फोन द्या. नाही, थांबा, आवाज मोठा करा, दोघंही ऐका. चाचा, बाबांच्या डोळ्यांत पाहा. जवळून. मधली काळी बाहुली केवढी आहे?

रहीम : डोळ्यात काय पाहाचं, बेटी?

माया : दुर्बिणीचं तोंड बारीक केलं ना चाचा, तर आकाशातले सगळेच तारे मंदावतात. ट्यूबही कमी, टीव्हीही कमी, सूर्यही कमी. हे तिन्ही एकाच वेळेला नाही बिघडत. तुमच्या डोळ्यांचं तोंड बारीक झालं आहे. पाहा लवकर.

रहीम : इकडं कर रे श्रावण मान. या अल्ला.

माया : काय?

रहीम : बाहुलीच नाही. म्हंजे आहे... टाचणी टोचल्याएवढी. बेटी, असे डोळे मी पाह्यले आहे.

माया : कुठं?

रहीम : जानरावचे. दोन साल झाले. त्याच्या वावरातून मीच त्याले लोडिंग ऑटोत टाकून अकोल्याले नेलं होतं. त्यानं फवारनीचं औषध घेतलं होतं, जीव द्याले. असेच होते, अन् असाच घाम, अशीच तोंडातून लाळ. मी रस्ताभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. मी कसा भुललो ते डोळे?

माया : जानरावकाका वाचले का?

रहीम : नाही, बेटी. उशीर झाला होता.

श्रावण : पन आमी काय औषध घेतलं, रहीमभाई? मी कशाले घेईन? माही पोरगी शिकून राहिली.

माया : घेतलं नाही, बाबा. फुंकलं. पंधरा-वीस नोझल रोज, तोंड लावून. लोक काय भरतात त्या पंपात?

रहीम : यंदा काय नाही भरत ते विचार. एका औषधानं अळी मरून नाही राहिली त दोन मिसळतात, तीन मिसळतात. काल एकानं आनला पंप, झाकण उघडलं त माह्या नाकात जाळ गेला.

माया : चाचा, तुमचे डोळे बाबांना पाहू द्या.

श्रावण : तसेच आहे, माये. त्याचेही तसेच.

माया : चूक माझी झाली. एका दुकानात बसणारे, एकाच ढिगातली नोझल फुंकणारे तुम्ही दोघं, आणि मी तुम्हालाच एकमेकांचे साक्षीदार धरलं. हसली मी. जिनं नोझल हातात धरलं नाही ती एकटी आई खरं सांगून राहिली होती, आणि तिचं आपण तिघांनीही ऐकलं नाही. आई कुठं आहे?

रहीम : भाभी डबा घेऊन आली आताच. आतमंदी पानी भरते.

माया : तिला सांगा, दोघांचे सदरे काढून टाका म्हणा. तोंड, हात, मान साबणानं धुवा, चांगलं घासून. आणि लगेच अकोल्याला मोठ्या दवाखान्यात निघा.

श्रावण : दवाखान्यात नाही जात मी.

माया : बाबा!

श्रावण : नाही जात म्हटलं ना. तिथी पहिला सवाल काय विचारतीन, मालूम आहे? काहून घेतलं. मंग पोलीस. मंग बयान. नोझल फुंकलं म्हटलं त हसतीन. इकडं कोनी असे डोळे घेऊन गेला का त्याचं एकच लिहितात. उद्या पेपरात येईन, श्रावण अमक्यानं औषध घेतलं. तुह्या सराच्या हातात पडन तो पेपर. लोक म्हणतीन, पोरीचं काही...

माया : म्हणू द्या! लोक काय म्हणतात ते मी आयुष्यभर ऐकून घेईन, बाबा. तुम्ही नसले तर मी कोणाला फोन करू? ग्रह दिसला तर कोणाला सांगू? मला नाही राहता येत तुमच्याबिगर, कळलं का?

श्रावण : रडू नको. ए माये. रडू नको ना.

माया : मग उठा.

रहीम : उठते तो. मी उठवतो. श्रावण, चाल. तुले नाही जायाचं त मले सोडाले चाल. जानरावच्या वेळी मी एक तास उशीर केला होता. त्याची बायको म्हणे नका नेऊ, लोक काय म्हणतीन, अन् मी थांबलो. आता नाही थांबत.

माया : ते नोझल पण घ्या सोबत, चार-पाच. प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधा, तुम्ही पुन्हा हात नका लावू, आईला फडक्यानं उचलू द्या. डॉक्टरच्या टेबलावर ठेवा आणि सांगा, हे तोंडानं फुंकलं, इतके दिवस, रोज इतके. बयान काय लिहायचं ते मी आल्यावर लिहितील. अकोल्याच्या जठारपेठेतून बेबीआत्या दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहते, मी तिला लावते फोन. मीही निघते इथून.

रहीम : सरकारी गाडीले लावला फोन. एक पेशंट घेऊन गेली म्हणतात, यायले पाऊण घंटा.

माया : पाऊण तास नाही थांबायचं. तुमचा ऑटो?

रहीम : ऑटो उभा आहे, पन चालवाचा कोनं? मले रोड धुकटावानी दिसून राहिला. नत्थुजी आहे इथीसा, पंप घ्याले आला. त्याले म्हणतो. ओ नत्थुजी! चाल भाऊ, अकोल्याले न्या लागते आमाले. चावी घे.

माया : येतात का?

रहीम : हाव म्हणते. पन बेटी...

माया : काय?

रहीम : म्हणते, दहा मिनिटं थांबा. एवढं आभाळ जरा निघून जाऊ द्या, रोड दिसत नाही.

माया : चाचा, त्यांना चावी देऊ नका.

रहीम : नाही देत.

माया : किती दिवसांपासून फवारतात ते?

रहीम : आठ दिस. तो काय, त्याचे दोघं भाऊ काय, सगळे. बेटी, सहा दिवसांत शंभरेक पंप आले माह्या दुकानात. जो आला तो म्हणे, रहीमभाई, ट्यूब बदल, अंधार काहून आहे. अन् मी समजलो, एवढे लोक म्हणतात म्हंजे व्होल्टेजच कमी आहे. लाइनमनले शिव्या देल्या मी.

माया : बसस्टँड किती पावलं आहे?

रहीम : दोनशेक.

माया : अकोल्याची एसटी दर अर्ध्या तासाला आहे. ड्रायव्हर बाहेरगावचा असतो, त्यानं फवारलं नसते. आईला म्हणा, एक हात बाबांचा धर, एक चाचांचा, आणि नत्थुजींना पदर धरू दे. रस्ता तीच ओलांडेल, तुम्ही कोणी नाही. ती थांब म्हटली का थांबायचं.

रहीम : भाभी पुढं झाली बी. म्हणते, मी पहिलेच सांगतलं होतं.

माया : ऐका तिचं. बाबा, चालून राहिले ना? बाबा?

श्रावण : चालून राहिलो. पाय लटपटतात थोडे.

माया : श्वास?

श्रावण : छातीत घरघर होते. भरून आल्यावानी. तू हसजो नको, माये, पन आता खरंच काही दिसून नाही राहिलं. गाडी उभी आहे म्हणते तुही माय. मले नुसतं लाल काही तरी दिसते.

माया : चढा. कठडा धरा. आई, खिडकीजवळ बसव त्यांना. चाचा, कंडक्टरला सांगा, मध्ये कुठं थांबू नका म्हणा, तीन पेशंट आहेत. मी आत्याला लावते आता, फोन ठेवते, पाच मिनिटांत...

श्रावण : माये, ठेवू नको फोन. तुहा आवाज तेवढा साफ येऊन राहिला.